पाठीच्या मधल्या मणक्यातील सरकलेली चकती: वाट केव्हा पाहावी आणि शस्त्रक्रिया केव्हा करावी

प्रश्न: सत्तरी तालुक्यातील ४६ वर्षांचे एक ट्रकचालक लिहितात, "गेले चार महिने पाठीच्या मधोमध, खांद्याच्या फऱ्यांच्या खाली दुखते आणि ती कळ उजवीकडून बरगडीवरून फिरून पुढे पोटाच्या वरच्या भागापर्यंत येते. आधी गॅस समजून गोळ्या घेतल्या. मग हृदयाची तपासणी केली, ती नॉर्मल आली. एमआरआयमध्ये डी ८-९ ही चकती सरकून मज्जारज्जूला टेकली असल्याचे लिहिले आहे. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे गोळ्या आणि व्यायाम सांगतात. गावात सगळे म्हणतात की पाठीचे ऑपरेशन केले की पाय जातात. मी काय करावे? आणि ट्रक चालवला तर चालेल का?"

उत्तर:

आपण बरीच माहिती दिली आहे. मात्र ज्या गोष्टीवर हा निर्णय अवलंबून आहे नेमकी तीच राहून गेली आहे. आपले पाय कसे चालतात आणि लघवीवर पूर्वीइतकाच ताबा आहे का? चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, किती सरकली आहे, ती मज्जारज्जूला नुसती टेकली आहे की त्याला दाबते आहे, याला महत्त्व आहेच. तरीही पाठीच्या या भागात शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः मज्जारज्जूच्या कामात बिघाड झाला आहे का यावर होतो आणि तो बिघाड रुग्णाला चालवून, त्याचे गुडघे व तळपाय तपासूनच कळतो. आपली कळ केवळ बरगडीच्या रेषेत असेल आणि पाय पूर्णपणे शाबूत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मला अधिक पटते. पाय जड पडू लागले असतील, तर पहिल्या डॉक्टरांचे.

आपल्या मानेत सात, पाठीत बारा आणि कमरेत पाच मणके असतात. अहवालात पाठीच्या मणक्यांना कोणी डी लिहितात, कोणी टी, दोन्ही एकच; आपली डी ८-९ म्हणजे आठव्या आणि नवव्या मणक्यांमधली चकती. या बारा मणक्यांना दोन्ही बाजूंनी बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे हा भाग कमरेइतका वाकत नाही, चकत्या पातळ असतात आणि म्हणूनच त्या सरकून त्रास होण्याचे प्रमाणही फार कमी आहे. त्रास देणाऱ्या शंभर चकत्यांमागे पाठीतली एखादीच निघते, बाकीच्या कमरेतल्या आणि मानेतल्या. पाठीत ज्या सरकतात त्यांतील बहुसंख्य आठव्या मणक्याच्या खालच्या असतात, कारण खालच्या बरगड्या पुढे छातीच्या हाडाला थेट जोडलेल्या नसतात आणि तेथे हालचाल वाढत जाते.

प्रमाण कमी असले तरी धोका कमी नाही. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत येऊन संपतो. त्याच्या खाली नुसत्या शिरांचा (रक्तवाहिन्यांचा नव्हे, संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचा) जुडगा असतो आणि त्याला थोडे इकडे-तिकडे सरकायला जागा असते. पाठीत मात्र चकतीच्या अगदी मागे अखंड मज्जारज्जूच असतो, त्याच्याभोवतीची पोकळी अरुंद असते, आणि चौथ्या ते नवव्या मणक्याच्या टप्प्यात त्याला होणारा रक्तपुरवठाही बेताचा असतो. कुळागरात पाटाच्या शेवटाला असलेल्या पोफळींना जसे उरलेसुरले पाणी मिळते आणि पाट थोडा आटला की पहिली झळ त्यांनाच बसते, तशी या टप्प्याची स्थिती आहे. आपली चकती याच टप्प्यात आहे. कमरेची चकती असलेल्या शेजाऱ्याला जो उपाय लागू पडला तो आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळेच.

आता अहवालाविषयी. आपल्याकडे "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य ऐकले की माणूस निम्मा खचतो, आणि "मज्जारज्जूला टेकली आहे" असे वाचल्यावर तर उरलेला निम्माही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ९० जणांचा एमआरआय काढण्यात आला होता. त्यांच्यापैकी ३७ टक्के लोकांच्या पाठीतली एखादी तरी चकती सरकलेली आढळली आणि २९ टक्के लोकांमध्ये तर मज्जारज्जूचा आकार किंचित बदललेलाही दिसला. हे लोक नेहमीसारखे कामावर जात होते. म्हणून चित्रात चकती दिसते म्हणजे दुखणे तिचेच, असे मी तोवर धरत नाही, जोवर दुखण्याची जागा आणि चकतीची पातळी यांचा मेळ बसत नाही.

हा मेळ बसवता येतो, कारण पाठीतून निघणारी प्रत्येक शीर छाती-पोटावरच्या एका ठरावीक पट्ट्याला संवेदना देते. चौथ्या शिरेचा पट्टा स्तनाग्रांच्या पातळीवर येतो, सहावीचा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापाशी, दहावीचा बेंबीवर आणि बारावीचा जांघेच्या वर. आठवी शीर आठव्या आणि नवव्या मणक्यांच्या मधून बाहेर पडते आणि तिचा पट्टा बरगडीच्या कडेने पोटाच्या वरच्या भागात येतो. आपण लिहिलेली कळ याच रेषेत आहे. खोकताना, शिंकताना किंवा शौचाला कुंथताना ती चमकून पुढे येत असेल, तर संशय आणखी पक्का होतो.

मात्र त्याच जागी दुखवणारी इतर कारणे बरीच आहेत आणि आपली ईसीजी नॉर्मल आली म्हणजे ती सर्व संपली असे नव्हे. उजवीकडे बरगडीखाली दुखते तेव्हा पित्ताशयातील खडे सोनोग्राफी करून वगळावेत. जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर कळ वाढत असेल तर नक्कीच. नागीण उठण्याआधी तीन-चार दिवस अगदी अशीच पट्ट्यासारखी आग होते आणि पुरळ नंतर दिसते. चार महिन्यांनंतर नवी नागीण हे कारण उरत नाही, पण पूर्वी त्याच जागी पुरळ उठून गेले होते का, हे आठवून पाहा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि पाठीचा हाच भाग त्याला अधिक प्रिय आहे. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, भूक मंदावणे आणि रात्री पडल्यावरही न थांबणारी पाठदुखी ही त्याची चिन्हे आहेत. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची नवी पाठदुखी आणि वयस्कर स्त्रियांमध्ये ठिसूळ हाडांमुळे दबलेला मणका, यांचाही विचार करावा लागतो.

गोव्यात आणखी एक कारण मी आवर्जून पाहतो, ते म्हणजे मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले होते. मधुमेहाने छाती-पोटाच्या शिरा बिघडल्या की एका बाजूच्या बरगडीभोवती आग होते, कपड्याचा स्पर्शही नकोसा वाटतो आणि कधी त्या बाजूचे पोट फुगल्यासारखे दिसते. अशा माणसाच्या एमआरआयमध्ये योगायोगाने एखादी चकती सरकलेली दिसली तर दोष चकतीवर जातो आणि साखर तशीच राहते. आपली उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी झाली नसेल, तर ती या आठवड्यात करून घ्या.

आता पायांकडे वळतो. मज्जारज्जू दबू लागल्याची सुरुवात बहुधा दुखण्याने होत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही. अंघोळीच्या वेळी डोळ्यांना साबण लावून डोळे मिटले की तोल जातो आणि हात भिंत शोधतो. फेरीबोटीच्या उताराच्या फळीवरून किंवा देवळाच्या पायऱ्यांवरून खाली येताना गुडघे ताठ होतात, पाय थरथरतात. पोटाभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखे वाटते आणि त्या पट्ट्याच्या खाली गार-गरम नीट कळत नाही. लघवीची घाई होते, पोहोचेपर्यंत थांबवत नाही, किंवा उलट उभे राहूनही सुरू व्हायला वेळ लागतो. ट्रकचालकाला क्लच दाबताना पाय नेमका पेडलवर पडतो की नाही, हे घरच्या माणसांच्या आधी स्वतःलाच कळते. ते प्रामाणिकपणे आठवा.

दवाखान्यात आम्ही काय पाहतो, तेही सांगतो, म्हणजे आपली तपासणी पूर्ण झाली आहे की नाही हे आपल्याला ठरवता येईल. रुग्णाला फरशीच्या रेषेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालवले जाते. गुडघ्यावर छोट्या हातोडीने टकटक केल्यावर पाय गरजेपेक्षा जास्त उडतो का, हे पाहिले जाते. तळपायाच्या कडेने बोथट टोक ओढल्यावर निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मज्जारज्जू दबला असेल तर तो वर उठतो आणि बाकीची बोटे पसरतात. पिनेचे टोक पायापासून वर नेत कोणत्या पातळीवर टोचणी स्पष्ट होते, हे बघतात. उताणे झोपवून हात न टेकता डोके आणि खांदे उचलायला सांगितल्यावर बेंबी वर ओढली गेली, तर दहाव्या पातळीजवळ खालच्या पोटाचे स्नायू कमजोर झाल्याचे कळते. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. कोणत्याही डॉक्टरांनी ही तपासणी न करता केवळ फिल्म उजेडाला धरून ऑपरेशनचा किंवा ऑपरेशन न करण्याचा सल्ला दिला असेल, तर तो सल्ला अपुरा समजावा.

एमआरआयच्या जोडीला सीटी स्कॅन केव्हा हवा? शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा तो अवश्य हवा. पाठीतल्या सरकलेल्या चकत्यांत चुना साठून त्या हाडासारख्या कठीण होण्याचे प्रमाण मोठे आहे. एमआरआयमध्ये हा कठीणपणा नीट दिसत नाही आणि शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने करायची हे त्यावर ठरते. एमआरआयच्या अहवालात मज्जारज्जूच्या आत पांढरा डाग, म्हणजे सिग्नल बदलल्याचा उल्लेख आहे का, तेही पाहा. नुसते टेकणे आणि आत डाग पडणे यांत फार अंतर आहे.

पाय शाबूत असतील असे धरून उपचार सांगतो. पहिले सहा ते बारा आठवडे औषधे, कामात बदल आणि फिजिओथेरपी यांवर भर द्यावा. या मार्गाने बहुतेकांना आराम पडतो. १९९२ सालच्या ५५ रुग्णांच्या एका अभ्यासात जवळपास तीन चतुर्थांश लोकांना शस्त्रक्रिया करावीच लागली नाही आणि त्यांच्यातील बहुसंख्य पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागले. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि रक्तदाब व मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करून घ्याव्यात. औषधाच्या दुकानातून चार महिने स्वतःहून आणून खाण्याची ही वस्तू नव्हे. बरगडीभोवतीची आग आणि चमका यांवर प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन उपयोगी पडते, परंतु त्याने झोप आणि गुंगी येते. चालकाने हे औषध चालू असताना, निदान मात्रा बसेपर्यंत, कोणतेही वाहन हाती धरू नये. तोंडाने घेण्याची स्टिरॉइड्स क्षयरोग आणि अनियंत्रित मधुमेह वगळल्याशिवाय घेऊ नयेत.

दोन दिवसांहून अधिक अंथरुणाला खिळून राहू नका. पाठीचे स्नायू आळसावले की दुखणे लांबते. टॉवेलची मध्यम जाडीची गुंडाळी करून ती पाठीखाली, दुखऱ्या जागेच्या जरा खाली आडवी ठेवून उताणे पडावे, हात डोक्यामागे घ्यावेत आणि सावकाश दहा श्वास घ्यावेत. याने बरगडीतली कळ पुढच्या बाजूला अधिक पसरली किंवा पायांत मुंग्या आल्या, तर व्यायाम तिथेच थांबवावा. दोन्ही तळहात बरगड्यांच्या कडांवर ठेवून श्वासाबरोबर त्या बाहेर ढकलण्याचा सराव आणि भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवण्याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा, कारण व्हिडिओ पाहून केलेल्या व्यायामात पाठीऐवजी कंबरच वाकत राहते. कमरेचा पट्टा या जागेपर्यंत पोहोचतच नाही आणि कमरेला वजने लावून दिलेल्या ओढीचा या भागाला फायदा नाही. त्यावर पैसे घालवू नका. सर्वांत जपायचे ते ओझ्यासह पीळ देण्यापासून. स्टेपनी उचलून वळणे, हौद्यावरून पोते खांद्यावर घेऊन फिरणे, रापण ओढणे, पाडपाच्या वेळी नारळांची पाटी झटक्यात डोक्यावर घेणे ही कामे तीन महिने इतरांवर सोपवावीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीवर मारून घेण्याची चाल आपल्याकडे अजून गेलेली नाही. स्नायूंच्या साध्या उसणीत त्याने फारसे बिघडत नसेल, पण मज्जारज्जूला चकती टेकलेली असताना पाठीवर लाथ, पाठीवर उभे राहून तुडवणे किंवा मणका कडकन वाजवून बसवणे हे पाय गमावण्याचे निमित्त होऊ शकते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

गोळ्यांनी भागले नाही तर बरगडीखालच्या शिरेभोवती किंवा मणक्याच्या पोकळीत इंजेक्शन देता येते. पाठीच्या बाबतीत त्याच्या उपयोगाचा पुरावा कमरेइतका भक्कम नाही, फुप्फुस जवळ असल्याने ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखालीच द्यावे लागते आणि मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस चढते. तरीही योग्य रुग्णात एखाद्या इंजेक्शनाने व्यायाम सुरू करण्यापुरती उसंत मिळते, आणि शीर बधिर केल्यावर कळ पूर्ण थांबली तर दुखणे याच शिरेचे आहे, हेही कळते.

आता शस्त्रक्रिया. पाय ताठ किंवा कमजोर होत असतील, चालण्यातला तोल बिघडत चालला असेल, लघवी-शौचाचा ताबा सुटू लागला असेल, तर वाट पाहू नये. या स्थितीत गोळ्या आणि व्यायाम यांनी मज्जारज्जूवरचा दाब हटत नाही आणि गेलेली शक्ती उशिराने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण परत येईल याची हमी नसते. केवळ दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करायची असेल, तर बारा आठवड्यांचे सर्व उपाय झाल्यावर आणि दुखण्याचे मूळ तीच चकती असल्याची खात्री पटल्यावरच तिचा विचार करावा, कारण दुखण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे फळ तितके खात्रीचे नसते.

"पाठीचे ऑपरेशन केले की पाय जातात" या गावातल्या बोलण्याला जुना आधार आहे. पूर्वी मणक्याच्या मागची कमान काढून, मज्जारज्जू बाजूला करून पुढची चकती काढत असत. कमरेत शिरा बाजूला घेता येतात. पाठीत मज्जारज्जूला तसा हात लावता येत नाही, आणि म्हणून त्या काळी अनेकांचे पाय खरोखरच गेले. आता ती पद्धत या कामासाठी वापरत नाहीत. १९६० च्या दशकापासून वेगळ्या मार्गांचा विकास झाला: बरगडीचा मागचा तुकडा काढून कडेने, मणक्याच्या बाजूच्या खांबातून तिरके, किंवा छातीतून पुढच्या बाजूने, उघडून वा दुर्बिणीने. चकती कडेला आणि मऊ असेल तर मागून तिरका मार्ग पुरतो; मध्यभागी, मोठी आणि चुना साठलेली असेल तर बहुधा छातीतून जावे लागते. शस्त्रक्रिया चालू असताना पायांपर्यंत जाणारे संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात आणि रक्तदाब उतरू दिला जात नाही. तरी धोका शून्य नाही. पायांची शक्ती आणखी कमी होणे, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची गळती, छातीत जंतुसंसर्ग आणि बरगडीच्या शिरेचे रेंगाळणारे दुखणे हे सर्व रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे.

शल्यविशारदाला दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत. आपण पाठीतल्या चकतीची शस्त्रक्रिया नियमित करता का, आणि नेमकी पातळी कशी निश्चित करणार? पाठीतले मणके दिसायला सारखे असतात, काहींना तेरावी बरगडी किंवा कमरेत सहावा मणका असतो, आणि मोजणी चुकली तर शेजारची निरोगी चकती उघडली जाते. संपूर्ण पाठकण्याचा एमआरआय आणि छाती-कमरेचा एक्स-रे हाताशी असणे त्यासाठीच गरजेचे आहे. डॉक्टर या प्रश्नांनी रागावले, तर दुसरे मत घ्यावे.

आपण वाळपईच्या बाजूचे असाल तर बांबोळीच्या गोमेकॉमध्ये (गोवा मेडिकल कॉलेजमध्ये) न्यूरोसर्जरी आणि अस्थिरोग असे दोन्ही विभाग आहेत. जाताना एमआरआयची सीडी न्यावी, नुसता टाईप केलेला अहवाल नव्हे. खासगी रुग्णालयात जायचे झाल्यास गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, हे दाखल होण्याआधी तेथील खिडकीवर लेखी विचारून घ्या. मात्र पायांतली शक्ती काही तासांत वा एक-दोन दिवसांत झपाट्याने कमी झाली, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता १०८ ला फोन करून थेट अपघात विभागात जावे. छातीच्या मधोमध दाब, घाम आणि धाप असेल तरीही तसेच करावे. चकतीचे निदान झालेल्या माणसालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

राहिला ट्रकचा प्रश्न. पाय तपासून ते शाबूत असल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत ट्रक चालवू नका, कारण ब्रेकवर पाय उशिरा पडला तर प्रश्न आपल्या पाठीपुरता राहत नाही. तपासणीत सर्व ठीक निघाले तरी पहिले सहा आठवडे खाणीच्या खडबडीत रस्त्यावरची आणि माल चढवण्या-उतरवण्याची कामे घेऊ नयेत. नंतर गुंगीची गोळी बंद झालेली असेल आणि एक तास बसूनही कळ पुढे येत नसेल, तर आधी डांबरी रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, छोट्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी. सीट पुढे घ्यावी, म्हणजे क्लच दाबताना पाठ सुटणार नाही, आणि दर तासाला खाली उतरून पाच मिनिटे चालावे. दर दोन आठवड्यांनी, दुखणे कमी झाले असले तरी, पायांची तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण कळ ओसरते आहे आणि पाय ताठ होत आहेत, असे एकाच वेळी घडू शकते.